तीन विड्यांचं अंतर

धाकू झोरे म्हणाला, माथा इथून तीन विड्यांवर.
विडी सोडून त्याला आठ वर्षं झाली,
अंतर मात्र अजून विड्यांतच.

मी सव्वीस वर्षं भूगोल शिकवते, फोंड्याला.
समोच्च रेषा जवळजवळ आल्या की उतार तीव्र,
हे वाक्य इतक्यांदा फळ्यावर लिहिलंय
की हात झोपेतही लिहील.
ते चढायचं असतं, हे कुठल्या धड्यात नव्हतं.

केरीहून निघालो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं.
आग्नेल नव्या बुटांबद्दल बोलत होता,
दीपश्री आणि तिचा भाऊ बाटल्या मोजत होते.
वाघेरी ढगात होता, म्हणजे नव्हताच.

कारवीच्या रानात वाट म्हणजे
कालपरवा कुणीतरी वाकवलेल्या फांद्या, बस.
जळवा पानांच्या टोकांवर उभ्या राहून
आमची हजेरी घेत होत्या.
दीपश्री पुडीतलं मीठ मुठीमुठीनं उधळत होती.

पहिल्या विडीला आग्नेलच्या नव्या बुटाचा तळ सुटला,
जीभ काढल्यासारखा लोंबू लागला.
आधी कुणी हसलं नाही, मग तोच हसला.
धाकूनं कोयत्यानं एक वेल तोडली,
दोन वेढे, एक गाठ.
"आतां हो तुजे आदीं मरचो ना."

दुसऱ्या विडीला तो कातळ.
फार मोठा नाही, आमच्या शाळेच्या जिन्याएवढा,
फक्त कठडा नाही
आणि डाव्या बाजूला काहीच नाही.
सगळे पलीकडे गेले.
मी मधोमध.
एक पाय पुढे, एक मागे,
आणि दोन्ही माझं ऐकेनासे झाले.
गुडघा शिलाई मशीनसारखा चालू.
मला वाटायचं भीती छातीत असते.
ती पोटऱ्यांत असते.

आग्नेल म्हणाला, खाली बघू नका.
दीपश्री म्हणाली, वर बघा, वर.
धाकू परत आला,
माझ्या डाव्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं,
तिथे कशावर तरी उभा राहिला
आणि गप्पा मारू लागला.
म्हशीचं रेडकू, दुधाचा भाव, चौथीत सुटलेली शाळा.
"नकाशार आमचो वाडो नासलो, बाई.
हांवें सराक विचारलें, मागीर हांव खंय रावतां?"
मी उत्तर देणारच होते
(प्रमाण लहान असलं की लहान वस्त्या
दाखवता येत नाहीत),
तेवढ्यात तो म्हणाला, "हांगा पांय दवर,"
आणि मी ठेवला.

तिसरी विडी मला आठवत नाही.

माथ्यावरून अंजुण्याचं पाणी दिसतं म्हणे.
आम्हाला पांढरं दिसलं,
एक दगड, आणि त्यावर कुणीतरी वाहिलेलं
सुकून काळं पडलेलं फूल.
आग्नेलनं कपाळावर, छातीवर, खांद्यांवर खूण केली.
पोई काढली, उकडलेली अंडी काढली.
अंड्यांना मीठ नव्हतं,
सगळं जळवांवर संपलं होतं.
तरी इतकं चवीनं मी कधी खाल्लं नाही.

उतरताना बऱ्याच ठिकाणी मी बसूनच उतरले.
त्याचा फोटो आहे. दाखवणार नाही.

सोमवारी नववी ब.
फळ्यावर डोंगर काढला,
घोट्याजवळ जळवेची जागा खाजत होती.
शेवटच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
बाई, इथं रेषा एकमेकींना चिकटल्यात, चुकल्या का?
नाही, म्हटलं.
मग त्या दोन रेषांच्या मधे,
मावत नव्हता तरी,
खडूचा एक ठिपका दिला.

सगळ्यांनी तो वहीत उतरवून घेतला.
काय आहे, विचारलं नाही कुणी.