डाव्या डोळ्यातली हळद

मिरजेच्या इस्पितळात दस्तगीर नदाफांच्या
उजव्या डोळ्याची पट्टी निघाली,
तेव्हा ते समोरच्या भिंतीकडं बघून म्हणाले,
'ही पांढरी आहे?'
नर्स म्हणाली, 'हो, आजोबा.'
मग त्यांनी उजवा झाकला, डावा उघडला.
डावा झाकला, उजवा उघडला.
असं बराच वेळ.
नर्सला हसू आलं, मला नाही.
सतरा वर्षं मी त्यांच्या कॅमेऱ्याशेजारी उभा होतो,
काचेपासून नटाच्या बुबुळापर्यंत टेप ताणून.
चेहरा फोकसमधून सुटायला लागला की
मला आधी कळतं.

हरिपुरात त्यांचे अब्बा गाद्या पिंजायचे.
तातीचा टणत्कार आणि खोलीभर कापूस,
कौलात बसवलेल्या एका काचेतून तिरकं ऊन.
'कापूस उडायचा तवाच ते ऊन दिसायचं.
अब्बा पाणी प्यायला थांबले, की गायब.
उजेडाला धरायला काहीतरी लागतं, लेका.'
पुढं मोठ्या सेटवर धूर सोडायचा असला
तर ते ओरडायचे, 'कापूस सोडा!'
आणि बिहारचे, मद्रासचे लाइटमन
काही न विचारता धूर सोडायचे.

आणि पेवं.
हळदीनं भरलेली, गावाच्या पोटात.
तोंड उघडलं की आधी कंदील सोडायचा,
तो विझला तर माणूस उतरवायचा नाही.
दहा वर्षांचा दस्तगीर काठावर पालथा पडून
कंदील खाली जाताना बघायचा.
एक हात. मातीला रंग चढतोय.
तीन हात. दोर दिसत नाही.
मग तळाशी, एकदम, पिवळं.
लाइट मीटर गळ्यात यायला अजून वीस वर्षं होती.

मधलं सगळं तेच सांगायचे, जेवताना, तुकड्या-तुकड्यानं :
जत्रेतल्या तंबूत रिळं वाहिली.
कोल्हापुरात नऊ वर्षं दुसऱ्याच्या भिंगांवर फुंकर मारली.
एका नायिकेची आई रोज म्हणायची, पोरीचं नाक लहान दाखवा.
गेटमध्ये अडकलेला एक केस,
त्यापायी अख्खा सूर्यास्त फुकट गेला,
आणि दुसऱ्या दिवशी ढग.
तेव्हा शॉट कसा आला हे जगात एकाच माणसाला ठाऊक असायचं.
कट झाल्यावर दीडशे माणसं त्यांच्या तोंडाकडं बघायची.
ते फक्त विडी पेटवायचे,
म्हणजे चांगला आलाय.

नंतर मॉनिटर आले.
निर्मात्याचा मेहुणा काचेवर बोट ठेवून दाखवू लागला.
विडी बंद झाली. खोकला राहिला.

शेवटचे चार सिनेमे निळे झाले.
कुणी त्यावर निबंध लिहिला,
कुणी म्हणालं उतारवयातली उदासी,
पुण्यात चर्चा झाली, त्यांना शाल मिळाली.

आज ते उजव्या डोळ्यानं शाल बघतात,
मग डाव्यानं.
'इथं अजून हळद हाय,' डाव्यावर बोट ठेवून म्हणतात.
'मी पडद्यावरचं पिवळं काढत होतो रे.
ते पडद्यावर नव्हतंच.'

मला एक दुपार आठवते.
लग्नाचा सीन, नवरीला हळद लावतायत,
आणि हे म्हणाले, 'फार पिवळं होतंय, कमी करा.'
मी मॉनिटर बघितला.
पोरीचे गाल राखेसारखे दिसत होते.
मी टेप गुंडाळली.
फोकस पुलरनं अंतराबद्दल बोलावं,
रंगाबद्दल नाही,
हे त्यांनीच शिकवलं होतं
आणि मला ते त्या दिवशी फार सोयीचं वाटलं.

बाहेर रिक्षावाला हॉर्न मारतोय.
डावा डोळा पुढच्या महिन्यात.
ते अजून भिंतीकडंच बघतायत.
'किती?' त्यांनी विचारलं.
'साडेनऊ फूट,' मी टेपशिवाय म्हणालो.
'आणि पांढरी?'

मी औषधाची चिठ्ठी दोनदा घडी केली.
'नाही, सर. फिक्की हिरवी आहे.'

'हां,' ते म्हणाले,
आणि खिशात नसलेली विडी चाचपू लागले.