लाईन गेली तेव्हा

लाईन गेली तीन-चाळीसला.
कूलरचा पंखा घरघरत थांबला, पंपही गप्प झाला,
आणि त्या शांततेनंच मला उठवलं.
मे महिन्यात नागपुरात माणूस आवाजावर झोपतो.

हललो नाही.
कूस बदलली की सांडतं, हे आता कळलंय.
डोळे मिटलेले, मुंग्या आलेला हात उशीखाली तसाच,
आणि आत अजून सगळं होतं:
पाचपावलीच्या पुलाखाली एक लांबच लांब खोली,
भिंतींच्या जागी वाळ्याच्या ओल्या ताट्या,
निनावे मास्तर उकिडवे बसलेले.
माझ्या शाळेच्या दप्तरातून ते चाव्या काढत होते
पितळेच्या, एकेक,
आणि जिभेला लावून बघत होते,
आम्ही टॉर्चचा सेल लावून बघायचो तशा.
मग मान वर करून एक वाक्य बोलले.

एकच. साधंसं.
ते मी धरून ठेवलं, ओंजळीत धरावं तसं,
शब्द मोजलेसुद्धा. पाच होते.

"लाईन गेली काय हो?" रत्नमाला म्हणाली.
"हो," म्हटलं.

तेवढ्या एका 'हो'नं गेलं.
पाच होते, एवढंच राहिलं.

सकाळी गोळीबार चौकात, तर्री-पोहे खाताना
ढाकाट्याला सांगायला लागलो.
खोली, मग ताट्या, मग चाव्या.
झोपेत हे 'मग' नव्हतं कुठंच,
सगळं एकदमच होतं;
'मग' मी बशीवर लिंबू पिळता पिळता घालत गेलो.

"मंग काय म्हन्ले मास्तर?"
ढाकाटेचा चमचा हवेत थांबलेला.
आणि माझ्या तोंडून आपसूक आलं,
"तुह्या कुलपाची चावी ह्याच्यात नाही."
"खरं बोल्ले," ढाकाटे म्हणाला, आणि रस्सा मागवला.

सहा शब्द. मी नंतर मोजले.

तेव्हापासून मास्तर तेच म्हणाले आहेत.
साळ्याला सांगितलं, बँकेतल्या पोराला सांगितलं,
दिघोरीला मास्तरांच्या मुलीला सांगितलं तर
तिनं पदर डोळ्यांना लावला. म्हणाली,
बाबा अस्सेच बोलायचे.
मी चहा संपवला आणि उठलो.

आता कधी कधी रात्री कूलर नीट चालू असतो,
लाईन असते, रत्नमाला घोरत असते,
आणि मला जाग येते ती
जिभेवर पितळेची चव घेऊन.
चाव्या तर ते चाटत होते.