सातवा मासा

कोरड्या पुलावर माझी जागा तिसऱ्या खांबापाशी.
खालची नदी कधीचीच निघून गेली,
पूल राहिला, आणि पुलावर आम्ही,
ज्यांच्या घरातून काही ना काही निघून गेलंय असे.

चादरीवर मांडते: एका काडीचे चष्मे,
लष्करी बिल्ले, दोन समोवार
(एक गळका, सांगून विकते),
चांदीचे नव्हेत, चांदीसारखे चमचे.
शेजारी ओतिया ग्रामोफोनच्या सुया विकतो
आणि दिवसभर तिबिलिसीच्या वाऱ्याला शिव्या देतो.

छत्तीस वर्षं मी मेट्रोत होते,
सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी, काचेच्या खोलीत.
बघणं हीच नोकरी.
कुणाचा मफलर अडकेल, कोण पिऊन आलंय,
कोण रडून आलंय,
चेहरा दिसायच्या आधी बुटांवरून ओळखायची.
लामाराच्या नजरेतून काही सुटत नाही,
असं मीच लोकांना सांगत आले.

ती पोरगी मार्चमधल्या शनिवारी आली.
तेक्ले. नखांत निळा रंग, बोटाला पट्टी.
लाकडी ठसे कोरते म्हणाली,
कापडावर छापते, जुनं बघून नवं.
मी खालचं निळं कापड काढून दिलं,
सणाला मेजावर अंथरायचं,
निळीवर पांढरे मासे, काटे, हरणं.
ऐंशी लारी, म्हटलं. सत्तर दिलेस तरी चालतील.

तिनं किमतीकडे लक्षच दिलं नाही.
कापड उलटं केलं.

आजवर कुणी उलटं केलं नव्हतं.
लोक सुलट बघतात, डाग मोजतात, भाव पाडतात.
ही गुडघे टेकून बसली, पुलावरच, ओल्या दगडांवर,
बोट फिरवत गेली मागून, आंधळ्यासारखी.
ठसा इथं घसरलाय, म्हणाली, छापणारा डावखुरा असणार.
मग मासे मोजायला लागली.
प्रत्येक ओळीत सहा, मावशी.
या ओळीत सात.

सातवा छापलेला नव्हता.
शिवलेला होता.
पांढऱ्या दोऱ्यानं, खवला खवला,
तांदळाच्या कणीएवढे टाके,
आणि त्याच्या पोटाखाली, मागच्या बाजूनं,
करपलेल्या कापडाची तपकिरी कड.

मला बसावं लागलं.

लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात
इस्त्री ठेवून मी खिडकीशी गेले होते,
रस्त्यावर कुणीतरी हाक मारली म्हणून.
परत येईतो भोक.
घडी घालून पेटीच्या तळाशी सारलं
आणि ईस्टरपर्यंत देवाशी सौदे करत राहिले.
ईस्टरला पेलागियानं, माझ्या सासूनं, स्वतः मेज मांडलं.
त्याच जागी तिनं भाकरीची टोपली ठेवली.
वाचले, मला वाटलं.
पुढच्या सणालाही टोपली तिथंच.
एकोणीस वर्षं तिथंच.
काय नशीब, म्हणायची मी मनात,
आणि टोपली उचलून कधी बघितलं नाही.

पेलागिया. जी मीठ कमी पडलं
तर पाहुण्यांसमोर सांगायची.
जिनं मला कधी सुनेच्या नावानं हाक मारली नाही,
"ए, मेट्रो" म्हणायची.

किती रात्री लागल्या असतील? मी तेक्लेला विचारलं.
तिनं टाके परत बघितले.
दिवसा केलं असेल तर आठवडा.
लपून केलं असेल तर जास्त.

ओतियानं वाऱ्याला शिवी दिली.
बिल्ल्यांवरून कागद उडाला, मी धरला नाही.

देताय ना? तेक्लेनं विचारलं, पैसे काढून.
नाही, म्हटलं.
ती हसली, रागावली नाही.
मग कागद मागितला, पेन्सिल होतीच तिच्याकडे,
मासा कागदाखाली धरून हलकं घासत
तिनं त्याचा छाप उतरवून घेतला:
डोळा, शेपूट, आणि एक टाका
जो पोटापाशी थोडा वाकडा गेलाय,
बहुधा माझ्या पावलांचा आवाज येऊन.

हाही घेऊ का, वाकडा?
तो आधी घे, मी म्हटलं.

जाताना गळका समोवार घेऊन गेली,
वीस लारीला. मी पंधरा म्हणत होते.