रकाना

पोस्टाचं पान होतं. पार्सल अडकलंय,
एक युरो नव्वद सेंट भरा.
पत्त्यात एलच्या जागी एकचा आकडा,
बाकी सगळं जसंच्या तसं, रंगसुद्धा तोच.

लिएपायाच्या स्काइद्रीतेबाई, वय एकाहत्तर.
गॉलवेतल्या नातवाला धाडलेले लोकरी मोजे
परत येतील या धास्तीनं
कार्डाचा नंबर घालून बसल्या.
"कुलूप होतं की हो वर," फोनवर म्हणाल्या, तीनदा.
मी म्हटलं नाही, की कुलूप
दार लावलंय एवढंच सांगतं,
आत कोण बसलंय ते नाही.

रीगा, पाचवा मजला, रात्रपाळी.
खाली दौगवा गोठलेली.
मी तो पत्ता उचलून यादीत टाकला.
यादीत पत्ता असतो, तारीख, वेळ, प्रकार.
मोज्यांसाठी रकाना नाही.

दिवसा एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारे आम्ही
ही एक यादी मात्र वाटून घेतो.
माझी कॉफी गार होण्याआधी
ती समुद्र ओलांडून गेलेली असते.

(चुकतोही.
गेल्या मंगळवारी सिगुल्दातल्या एका पाववाल्याचं दुकान
यादीत गेलं. नऊ तास
त्याच्या दारावर आमची लाल पाटी.
नाव काढलं, माफीचं पत्र लिहिलं.
त्याचं उत्तर आलं नाही.)

पुंता अरेनासमध्ये तेव्हा संध्याकाळ.
खेकड्यांच्या बोटीवरचा एलेउतेरियो
त्याच पत्त्यावर बोट टेकवतो, पान आता स्पॅनिशमध्ये,
आणि पडदा लालभडक.
तो एक शिवी हासडतो,
इंटरनेट बिघडलंय म्हणतो,
फोन उपडा ठेवून किटली चढवतो.
त्याला काहीच झालं नाही.
झालं ते एवढंच.

पुढच्याला ठेच, मागचा शहाणा, म्हणतात.
इथे मागच्याला पत्ताच नसतो
आपण शहाणे झाल्याचा,
दगड कुठे होता, कुणाचं नख उचकटलं.
आणि पुढचा कुणीतरी
लागतोच, दर वेळी, आधी.

गुरुवारी बाईंचा पुन्हा फोन.
पैशांचं विचारतील म्हणून मी फाईल उघडून बसलो.
त्या म्हणाल्या, मोजे पोचले,
एक जरा सैल होतोय.
पार्सल कधी अडकलंच नव्हतं.