इन्नू इल्ल

पुण्याहून पाच पडद्यांची ऑर्डर आली,
साडीच्या मागावर विणायचे, भिंतीवर टांगायचे.
एकेक पडदा म्हणे एकेक जुनी कादंबरी.
त्यात माणसं नाहीत, घर नाही, झाडसुद्धा नाही,
नुसती एक रेघ:
सुख वाढलं की वर, दुःख आलं की खाली.

मलकाप्पा कामकरांनी मोबाईल लांब धरून पाहिला.
"दवाखान्यात असती की असली, छातीला तारा लावून,"
म्हणाले, आणि आलेखाच्या कागदावर चौकोन मोजायला बसले.

मी त्यांच्याकडे कांड्या भरते, वडगावात.
चार पडदे उतरले. निळा, करडा, मोरपंखी, परत निळा.
पाचव्याला अडले.
"हे पुस्तक वाचलीस काय गं तू?"

शहापूरच्या वाचनालयातून आणलं.
पाठीला डिंक, पहिली आठ पानं गायब.
मराठीत वाचायची, कानडीत सांगायची,
मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून.
माझी कानडी मोडकी.
दुःखाला पुरली.

एकोणिसाव्या प्रकरणात बाईचा मुलगा जातो.
विसाव्यात शेजारीण ताक मागायला येते.

मलकाप्पांनी कागदावर बोट ठेवलं.
पोरगं गेल्यावर चार बोटांत
रेघ वर येत होती.
धोटा थांबला.
"चार? लिहिणाऱ्यानं असं लिवलंय?"
मी पानं उलटली. लिहिणाऱ्यानं असं लिहिलं नव्हतं.

मग कागद बाजूला पडला.
मागावर रेघ आडवी नसते,
ती आपल्याकडे चालत येते, बोट बोट.
दर वितीला विचारायचे, "चढवू?"
मी पुढचं पान वाचायची. ती दाराशी बसते.
ती त्याची चप्पल कुणाला तरी देते, परत मागून आणते.
"इन्नू इल्ल," मी म्हणायची. अजून नाही.
धोटा इकडून तिकडे. तिकडून इकडे.
"चढवू?"
"इन्नू इल्ल."

खरं सांगायचं तर
मंगळवारीच एका पानावर ती हसली होती,
शेळीनं पंचांग खाल्लं म्हणून.
मी ते पान वाचलं, आणि सांगितलं नाही.
शुक्रवारपर्यंत सांगितलं नाही.
त्यांनी पुस्तक मागितलं नाही, मागितलं असतं तरी
मराठी अक्षर त्यांना लागत नाही.
शुक्रवारी मीच म्हटलं, आता.
एकच धागा वर घेतला त्यांनी,
माझ्याकडे न बघता.

चार पडद्यांचे पैसे आले.
पाचवा परत आला, डिझाइनप्रमाणे नाही म्हणून.

आता तो मागाच्या खोलीतच आहे, खिळ्यावर.
लाईटबिलवाला म्हणाला, हा येळ्ळूरचा डोंगर काय?
व्यापारी म्हणाला, कापडात खोट आहे.
मलकाप्पा कुणालाच काही सांगत नाहीत.
वरचे चढउतार बघायला मान वर करावी लागते.
ती खालची सपाट रेघ, दीड हाताची,
कांड्या भरायला बसलं की
बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येते.