उणे अठरा

नुकुअलोफाच्या धक्क्याला बोट मंगळवारी लागते,
नाहीतर शुक्रवारी.
समुद्राला वेळापत्रक वाचता येत नाही.
मी सीलचा नंबर दाखल्याशी ताडून बघते.
एक आकडा इकडचा तिकडे झाला
की अख्खा कंटेनर उन्हात उभा,
आणि फोनवर ऑकलंडचा माणूस, झोपमोडीच्या आवाजात :
बाई, मेंढ्या त्याच आहेत हो.
असतील.
दाखल्यातल्या मेंढ्या वेगळ्या आहेत.

दार उघडलं की आधी वाफ येते,
वर न जाणारी, पावलांवर सांडणारी.
मग खोकी. बाराशे चाळीस.
आत मेंढीच्या पोटाची झालर,
बरगड्यांची टोकं, पांढरी चरबी,
मधून मांसाची एखादी लाल रेघ,
कोऱ्या वहीतल्या समासासारखी.

मांड्या गेल्या एका देशाला,
पाठीचा मऊ भाग दुसऱ्याला, जिथे जेवताना मेणबत्ती लावतात,
कातडं कुठे, काळीज कुठे,
लोकर तर आधीच उतरवलेली.
इतक्या वाटण्या होऊन जे उरतं
त्याला इथे ‘सिपी’ म्हणतात.
सिपी म्हणजे मेंढी.
नुसती मेंढी. आमच्या लेखी पोट हीच मेंढी.
चरणारी मी फक्त खोक्यावर पाहिली आहे,
हिरव्या शाईत, हसरी.

सिओसाया फोर्कलिफ्ट चालवायचा.
हळू रे, म्हटलं की म्हणायचा,
हळूच ठेवतोय, आतली जागी होईल.
आधी त्याच्या डाव्या पायाचं बोट कापलं, साखरेपायी,
मग शेजारचं.
डॉक्टरने काय खायचं नाही त्याची यादी दिली.
पहिल्याच ओळीत सिपी.
यादी शर्टाच्या खिशात, घडी करून,
आणि खिशासमोर, फोर्कवर, वीस वीस किलोची
पहिली ओळ.
‘कागदांना तू भी. तुला त्याचा पगार मिळतो.’

तो गेला त्या आठवड्यात बोट उशिरा होती.
गोदामं रिकामी, दुकानांचे फ्रीजर झाकण उघडे टाकून वाळवत ठेवलेले.
मयताच्या घरी चटया आल्या, सालीचं कापड आलं,
दोन डुकरं, सुरण.
पण माणसं मोजत होती ती खोकी,
जी अजून समुद्रात होती.

रात्री नऊला बोट लागली.
गेटबाहेर त्यांचा ट्रक, चाळीस खोकी सांगून ठेवलेली.
मी थर्मामीटर खुपसला. उणे नऊ.
दुसरं खोकं. उणे आठ.
मधल्या कुठल्याशा बंदरात कुणीतरी
प्लग काढला होता, दोन रात्री.
मागाहून पुन्हा लावला, गुपचूप,
पण नोंदीच्या पट्टीवर रेघ चढून उतरलेली
स्पष्ट दिसत होती,
तापात फणफणलेल्या पोराच्या तक्त्यासारखी.
खोक्यांच्या तळाशी गुलाबी बर्फ.
वास नव्हता.
हे मी आजही सांगते, वास नव्हता.

शिक्का माझ्या हातात होता.
दोन शिक्के असतात, एकाच डबीत, मुठी सारख्याच.
ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी पंगतीला मासळी होती,
नारळाच्या दुधात अळूची पानं, आत काही न भरलेली.
मी सगळ्यात शेवटी बसले. कुणी सरकून जागा दिली नाही,
कुणी ऊठही म्हटलं नाही.
कालोलाइने, त्याची आत्या,
पार्थिवाच्या उशाशी, मानाच्या जागी.
तिने मला बोलावून घेतलं. वाटलं, आता ऐकवणार.
तिने मळक्या घडीचा एक कागद माझ्या तळव्यावर ठेवला.
‘काल पहिल्यांदा पाळला गेला.’
हसली नाही. रडत तर ती आधीपासूनच होती.

पुढची बोट वेळेवर आली. उणे अठरा, सगळी खोकी.
नवा पोरगा फोर्कलिफ्टवर, खोकी सरळ लावतो,
काही बोलत नाही.
गेटबाहेर रांग.
संध्याकाळी घरी जाताना
मीही एक पिशवी घेतली,
दोन किलो.