सहा गुण

स्वान्सीच्या हॉटेलात, काल कुणाचं तरी लग्न लागलं त्या हॉलमध्ये
(छताला एक फुगा अजून चिकटलेला)
आम्ही नव्वद जण मेंदूची उजळणी करतोय.

मिनिटाला एकोणीस लाख पेशी, वक्ते सांगतात,
आणि घोटभर पाणी पितात.

मग पडद्यावर स्कॅन.
नाव खोडलेलं. बाई, वय एकाहत्तर.
डावीकडे तो ढग,
कडेला तांदळाएवढा जुना चुन्याचा ठिपका.

ठिपका मी ओळखते.
ग्वेनलियन प्रॉसर, खाट नऊ.
शब्द एकच उरला होता तिच्याकडे.
नवऱ्याला चमचा, खिडकीला चमचा,
डोळ्यांत बॅटरी मारणाऱ्या मला
केवढ्या मायेने, चमचा.

पुढचं पाऊल कोणतं? अ, ब, क की ड?
प्रत्येकाच्या हातात बटण.
पर्यायांत नाही ते असं:
मी गुडघे टेकून खाटेखाली
तिची दुसरी सपात शोधत होते,
आणि नवरा विचारत होता,
डॉक्टर, गाडी हलवू का?
पार्किंगचे दोनच तासांचे भरलेत.

मी क दाबते.
क बरोबर. त्र्याऐंशी टक्के लोक बरोबर.
त्या रात्रीही मी कच केलं होतं.

सुट्टीत कॉफी ढवळायला लाकडी काड्या.
मी उगीच चमचा मागते.
पोरगी म्हणते, सगळे धुवायला गेलेत.

संध्याकाळी प्रमाणपत्र: सहा गुण,
आणि खांबेटेचं खंबाटा झालेलं.
बदलून देऊ का, टेबलापलीकडून विचारतात.
राहू दे, म्हणते मी.
खोडलं तर नाही ना.